दाढेएवढे तुकडे

लाल भोपळ्यावर दादाने सुरी अशी धरली होती, की मधल्या बहिणीला त्याच्या पेशंटांची दया आली. पंचवीस वर्षं लोकांच्या तोंडात हत्यारं घालणारा हा दातांचा डॉक्टर, आणि सालीबरोबर निम्मा भोपळा कचऱ्यात टाकत होता.

"दादा, साल म्हणजे साल. बाकीचा भोपळा पातेल्यात जायचाय."

"तू तुझी गाजरं बघ. मी रोज याहून नाजूक कामं करतो."

"ती भूल देऊन करतोस. भोपळ्याला दिली नाहीस वाटतं."

खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून आई घेवड्याचे भिजवलेले दाणे निवडत होती. तिने मान वर केली नाही. बाबा गेल्यापासून ती बोलणं कमी आणि बघणं जास्त करायला लागली होती, आणि मधलीला या बघण्याची थोडी धास्तीच वाटत होती.

बाहेर अंगणातल्या झाडाखाली पिवळ्या पानांचा खच पडला होता. बैठकीतली शेगडी गुरुवारी यंदा पहिल्यांदा पेटली होती. या घरात शेगडी पेटली की येणाऱ्या रविवारी सूप व्हायचं, आणि त्याला कुणाचंही आजारपण, प्रवास किंवा रुसवा आड येऊ द्यायचा नाही, हा बाबांचा कायदा होता. प्रत्येकाने आपली भाजी आणायची आणि स्वतःच कापायची. तुकडे दाढेएवढे, त्याहून मोठा एकही नको. मोठा तुकडा सापडला तर बाबा तो पातेल्यातून काढून कापणाऱ्याच्या समोर ठेवत आणि विचारत, "ही कुणाची दाढ? घोड्याची?" सगळे हसत. बाबा स्वतः मात्र ओठ मिटून, खांदे हलवत हसायचे. मोठ्याने हसणं त्यांना उथळपणाचं वाटायचं म्हणे.

आणि मीठ फक्त बाबांनी घालायचं. तो तर सोहळाच असायचा. सूप उकळून झालं की ते खुर्ची मागे सारून उभे राहत, लाकडी झाकणाची बरणी मागवत, चिमूटभर मीठ घेत, हात उंच धरून बोटं चोळत, डोळे मिटून चमचाभर चाखत आणि म्हणत, "झालं." मग बाकीचे माना डोलवत. त्या 'झालं'नंतर घरातला कुठलाही वाद मिटला असं समजायचं. कोण कुठे शिकणार, कोण कुणाशी लग्न करणार, कारखान्यात नवं पॉलिशचं चाक घ्यायचं की नाही, सगळं त्या चिमटीने ठरलं होतं. मधलीला हा प्रकार लहानपणी देवघरासारखा वाटायचा, तरुणपणी नाटकासारखा, आणि गेल्या काही वर्षांत निव्वळ थाटमाट.

कारखाना म्हणजे तळमजल्यावरची एक खोली आणि तीन टेबलं. आजोबांपासून तिथे कवळ्या होत होत्या. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू याच खोलीत घडलं होतं, पण म्हातारी माणसं ही गोष्ट चारचौघांत सांगत नाहीत, त्यामुळे कारखान्याला कधी नाव मिळालं नाही. बाबा कवळीवाले. भिंतीवर त्यांचा तरुणपणीचा फोटो, तोंडभर हसणारा, आणि गिऱ्हाइकाला सांगायला एक ठरलेलं वाक्य: "कवळ्या मी दुसऱ्यांच्या करतो. माझे सगळे माझेच आहेत."

गेल्या पानगळीत, शेवटच्या सुपाला, चिमूट टाकून झाल्यावर बाबा म्हणाले होते, "पुढच्या वर्षी मी नसेन. मग मीठ ज्याच्या हातचं पडेल, त्याने कारखाना सांभाळायचा. कोण ते तुमचं तुम्ही ठरवा." आणि उन्हाळा लागता लागता गेले. जन्मभर माणसाने एका प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं नाही, ते मरताना तरी कसं देणार! घर आईच्या नावावर होतं. तीन दिवसांपूर्वी तिने तिन्ही मुलांना फोन करून सांगितलं, "ते म्हणाले तसंच करायचं. रविवारी मीठ पडेल. त्यानंतर मी कागदावर सही करेन."

म्हणून आज दादा आपण होऊन, वेळेच्या आधी, भोपळा घेऊन आला होता. एरवी तो सूप तयार झाल्यावर येत असे आणि त्याचा भोपळा वहिनी घरूनच कापून आणत असे.

"ताई, मला काय वाटतं सांगू?" धाकटी म्हणाली. ती बटाटे सोलत होती, म्हणजे एक बटाटा हातात धरून मघापासून बोलत होती. विमा कंपनीत लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची तिची नोकरी. तिथे शिकलेला मऊ आवाज ती घरीही वापरायची. "तुझं म्हणणं मला समजतंय. आणि दादाचंही समजतंय."

"फोनवर परवा तुला फक्त माझं समजत होतं."

"तेव्हा दादाचं ऐकलं नव्हतं ना."

"काय म्हणाला दादा? वरची खोली देतो म्हणाला?"

धाकटीने पटकन बटाट्याकडे लक्ष दिलं. दोन वर्षांपासून तिला या घरात परत यायचं होतं. तिच्या घराखाली एक ड्रम वाजवणारा राहायला आला होता आणि त्याची तक्रार ऐकून घेणारं कुणी नव्हतं. वरच्या खोलीसाठी बहिणीला विकलं, एवढंच. मधलीला राग येण्याऐवजी कंटाळा आला. या बयेने लहानपणी एका पेन्सिलीसाठीही असंच केलं होतं.

कांदे लोण्यात मऊ झाले होते. मधलीने त्यात लसूण ढकलला, मग आपली गाजरं. तिची गाजरं एकसारखी होती, मोजपट्टी लावावी अशी. अठ्ठावीस वर्षं मेणात दात बसवणाऱ्या बाईला भाजी वेडीवाकडी कापताच येत नाही. आईने सकाळीच कांद्याच्या साली, सेलरीचे दांडे, मिरी आणि तमालपत्र उकळून पाणी गाळून ठेवलं होतं. हे पाणी ती दरवर्षी सगळे यायच्या आधी एकटीच करून ठेवायची. त्यात मिरवण्यासारखं काही नसल्यामुळे आजवर कुणी त्याबद्दल विचारलं नव्हतं. मधलीने ते मोठ्या पातेल्यात ओतलं, आईचे दाणे टाकले, धाकटीचे तीन बटाटे टाकले आणि झाकण ठेवलं.

"आता मुद्द्याचं बोलू या," दादा म्हणाला आणि त्याने हात पुसले. मुद्द्याचं बोलायच्या आधी तो नेहमी हात पुसायचा. पेशंटना त्याने धीर येतो अशी त्याची समजूत होती. "खालच्या खोलीत मी दुसरा दवाखाना काढतोय. एक खुर्ची, एक स्कॅनर, एक मशीन. पेशंटच्या तोंडात कॅमेरा फिरवायचा, बटण दाबायचं, संध्याकाळी दात तयार. प्लास्टर नाही, मेण नाही, तो वास नाही."

"आणि मी?"

"तू मशीनवर बस की. शिकवतील तुला. सोपं असतं."

"बटण दाबायला?"

"त्यात अपमान कसला? माझ्याकडे दोन मुली करतात, चांगल्या शिकलेल्या आहेत."

"दादा, त्या मुलींनी केलेली कवळी घेऊन मागच्या महिन्यात तुझेच तीन पेशंट माझ्याकडे आले होते. मागच्या दाराने. एक बाई तर रडत होती. बोलताना खाली पडते म्हणाली."

दादाचे कान लाल झाले. "कुणाकुणाच्या हिरड्याच तशा असतात."

"हो ना. हिरड्यांनी मशीनची पुस्तकं वाचलेली नसतात."

दादाबरोबर आलेली वहिनी फसकन हसली आणि लगेच कोबीकडे वळली. ती वजन कमी करण्याचे वर्ग चालवायची आणि बायकांना सकाळ-संध्याकाळ उपदेश करून उरलेला उपदेश घरी आणायची. मधलीचं आणि तिचं बावीस वर्षांत कधी जमलं नव्हतं. आज मात्र ती आल्यापासून गप्प होती, आणि कोबी मात्र खरोखर बारीक आणि नीट चिरत होती.

दादाला ते हसू झोंबलं असावं. त्याने राखून ठेवलेलं हत्यार काढलं.

"बरं, मला एक सांग. बाबांनी तुझ्या कामाला कधी चांगलं म्हटलं? एकदा तरी? मी इथे लहानाचा मोठा झालोय. तू कवळी नेऊन दाखवायचीस, ते उजेडात धरायचे आणि म्हणायचे, 'ठीक आहे.' बस. ठीक! त्यांना तुझ्या हाताची खात्री असती, तर त्यांनी सरळ तुझं नाव घेतलं नसतं? मिठाचं कोडं कशाला घातलं असतं?"

मधलीने झाकण उघडलं, नसलेला फेस काढला, झाकण ठेवलं. हे तिला लागलं. कारण ते खरं होतं. अठ्ठावीस वर्षं तिने त्या एका शब्दावर काढली होती. तिच्या डोळ्यांदेखत बाबांचा हात कापायला लागला, त्यांनी बसवलेले दात तिने गुपचूप उपटून परत बसवायला सुरुवात केली, गिऱ्हाइकांना कारखान्यातून सगळं तिच्याच हातचं जायला लागलं, तरी तो शब्द बदलला नाही.

तिच्या कामाची स्तुती म्हणावी अशी जन्मात एकच झाली होती, आणि तीही तिने कधी न पाहिलेल्या माणसाकडून. बाबांचं एक लाजाळू गिऱ्हाईक होतं. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी एक प्लास्टरचा साचा तिच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हा इथे यायचा नाही, लाजतो. वरची पूर्ण कवळी कर. कुणाला शंका येता कामा नये." ती तेव्हा चिडली होती. कोण हा नवाब, की ज्याला चार पायऱ्या उतरून येता येत नाही? पण काम म्हणून तिने जीव ओतला. निरोप बाबांमार्फत यायचे. डावीकडे टोचतंय. 'स' म्हणताना शिटी वाजते. मग एक दिवस निरोप आला, "तो म्हणतो, आता तोंडात काही आहे हेच कळत नाही." आणि चार वर्षांनी दुसरी करायची वेळ आली तेव्हा, "तो म्हणतो, दुसऱ्या कुणाच्या हातची नको." हे वाक्य तिने कितीदा तरी एकटीने मनात घोळवलं होतं. एका भेकड, गर्विष्ठ म्हाताऱ्याच्या वाक्यावर आपण दिवस काढतो, याची तिला स्वतःचीच कीव यायची.

"बोल ना," दादा म्हणाला.

"भोपळा टाक," मधली म्हणाली. "बटाटे शिजत आले. आणि तो तुकडा बारीक कर आधी. घोड्याची दाढ आहे ती."

भोपळा गेला, कोबी गेला. खिडक्यांच्या काचांवर वाफ धरली. गोडसर, मिऱ्याचा वास घरभर झाला आणि सगळे न बोलवताच टेबलाभोवती येऊन बसले. आईने दाण्यांचं रिकामं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "झालं असेल. मीठ कोण घालतंय?"

मग दादा उठला. खुर्ची मागे सारली, अगदी तशीच.

"मी मोठा आहे," तो म्हणाला. "कुणाची हरकत?"

धाकटी म्हणाली, "मला वाटतं, सगळ्यांचा विचार केला तर दादानेच..." आणि पुढचं वाक्य तिने हवेत सोडून दिलं. मधलीने आईकडे पाहिलं. आई बरणीकडे बघत होती.

मधलीला हरकत घेता आली असती. घशापर्यंत आलीही होती. पण 'ठीक' हा शब्द तिथेच अडकून बसला होता आणि त्याच्यामागे दुसरं काही वर येईना. तिने मान हलवली, कशासाठी ते तिलाही कळलं नाही, आणि दादाने तो होकार धरला.

त्याने चिमूट घेतली. हात उंच धरला. बोटं चोळली. डोळे मिटून चमचा तोंडात घातला आणि, देवाशपथ, बाबांच्याच आवाजात म्हणाला, "झालं."

मधलीने वाट्या भरल्या. सगळ्यांनी पहिला चमचा घेतला.

"वा!" धाकटी म्हणाली. "अगदी बाबांच्या हातचं."

"आहेच," दादा म्हणाला. "तीच चव. मला तर भरून आलं."

मधलीने दुसरा चमचा घेतला. मग तिसरा. भोपळा गोड लागत होता, गाजर गोड लागत होतं, आणि त्यापलीकडे काहीच नव्हतं. गरम पाण्यात भाज्या पोहत होत्या.

"अळणी आहे," ती म्हणाली.

"झालं सुरू," दादा म्हणाला.

"अरे, मिठाचा कण लागत नाही यात."

"ताई, तुला वाईट वाटतंय हे मला समजतंय," धाकटी म्हणाली. "पण राग सुपावर काढू नकोस."

"तुला चव कळत नाही का गं? का ती पण वरच्या खोलीत ठेवलीस?"

"हे बघ," दादा म्हणाला, "मी घातलं म्हणून तुला अळणी लागतंय. सरळ आहे. बाबांनी घातलं असतं तर दोन वाट्या प्यायली असतीस."

"अळणीच आहे," वहिनी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वाटी पुढे सरकवली. "मी बारा वर्षं अळणी खातेय. अळणी काय असतं ते या घरात मला विचारा. यात मीठ नाही. आणि हे दोघं कौतुक कशाचं करतायत, मला कळत नाही."

दादा बायकोकडे असा बघत राहिला, की जणू खुर्चीच बोलायला लागली होती. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिला वहिनीला जवळ बसवून घ्यावंसं वाटलं.

आई उठली. ती आतल्या खोलीत गेली आणि कपाट उघडल्याचा, बंद केल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात पांढऱ्या रुमालात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते दादासमोर ठेवलं आणि रुमाल सोडला. वरची पूर्ण कवळी होती.

"हे जरा बघून सांग रे. कसं काम आहे?"

"आत्ता? जेवताना?"

"तू रोज बघतोस ना. बघ."

दादाने ती उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली. कामाचा माणूस तो होताच. दोन मिनिटांत तो सूप विसरला. टाळूवरून अंगठा फिरवला, कडा पाहिल्या, उलटी केली.

"कुणाची आहे?"

"आधी सांग कशी आहे."

"फर्स्ट क्लास," दादा म्हणाला. "खोटं नाही सांगत. टाळू किती पातळ घेतलीय बघ, आणि तरी कुठे तडा नाही. चांगली तीन-चार वर्षं वापरलेली आहे. आणि ही चलाखी बघा, सुळा मुद्दाम जरासा फिरवलाय. दोन दात किंचित पिवळट ठेवलेत. म्हणजे समोरच्याला वाटावं, खरेच आहेत. वा!" मग तो मधलीकडे वळला आणि त्याने कवळी तिच्या नाकासमोर नाचवली. "याला म्हणतात काम. हेच मी सकाळपासून सांगतोय. हे टेबलावर मेण खरवडत बसून होत नाही. हे मशीनचं काम आहे. मोठ्या लॅबमधलं."

मधली त्या फिरवलेल्या सुळ्याकडे बघत होती.

"दे इकडे," ती म्हणाली.

तिने कवळी हातात घेतली आणि उजव्या बाजूच्या शेवटच्या दाढेमागे नख फिरवलं. तिथे, गुलाबी भागात, तापवलेल्या सुईच्या टोकाचा एक ठिपका होता. बाबांच्या शिक्क्याखाली जाणाऱ्या प्रत्येक कवळीवर ती तो ठिपका करायची. ही तिची सही होती आणि तिच्याशिवाय ती कुणाला माहीत नव्हती.

"ही माझी आहे," ती म्हणाली. "बाबांचं ते लाजाळू गिऱ्हाईक होतं ना, त्याची. तिसरी. चार वर्षांपूर्वी केली होती." मग तिने आईकडे पाहिलं. "आई, ही तुझ्याकडे कशी आली? गेला का तो?"

"गेला," आई म्हणाली. "उन्हाळा लागताना."

शेगडीत लाकूड सरकल्याचा आवाज झाला. दादाचा हात अजून तसाच नाकाच्या उंचीवर होता, रिकामा.

"शक्य नाही," तो म्हणाला. "शक्यच नाही. मी त्यांच्या समोर बसायचो."

"बसायचास की. आणि स्वतःबद्दल बोलायचास," आई म्हणाली. "दातांचा डॉक्टर ना तू? अकरा वर्षं बापाने तुझ्यासमोर पाव सुपात बुडवून खाल्ला. घरातले अक्रोड बंद झाले. तुकडे दाढेएवढे हवेत म्हणून तुम्हाला नाचवलं. जोरात हसले नाहीत कधी. तुला एकदाही वाटलं नाही, की या माणसाला तोंड उघडायला सांगावं?"

वहिनीने तोंडावर रुमाल धरला होता. हसत होती की काय, ते कळायला मार्ग नव्हता.

"ते प्रदर्शन बघायला म्हणून पंधरा दिवस गेले होते, आठवतं?" आई म्हणाली. "कसलं प्रदर्शन! परगावी जाऊन वरचे सगळे काढून आले. मग स्वतःच स्वतःची कवळी केली. दोन दिवसांत हिरड्या सोलून निघाल्या. हात कापत होता तेव्हापासूनच. रात्रभर कण्हायचे, पण दुसऱ्याकडे जातील तर शपथ. मग आरशासमोर उभं राहून स्वतःचं माप घेतलं. डोकं मी धरलं होतं. आणि तो साचा तुझ्या टेबलावर ठेवला."

हे ती मधलीला सांगत होती. मधलीला त्या कवळीकडेही बघवेना आणि ती खालीही ठेवता येईना.

"मग मला का नाही सांगितलं?"

"मिजास. दुसरं काय? 'माझे सगळे माझेच आहेत' म्हणून गावभर सांगितलेलं. मी म्हणायचे, अहो, निदान पोरीला सांगा. तर म्हणायचे, सांगतोच आहे की, निरोप देतो की मी."

"निरोप!" मधली ओरडली. तिचा आवाज इतका चढला की धाकटी दचकली. "अकरा वर्षं! रोज शेजारच्या टेबलावर बसायचा हा माणूस. माझ्याच दातांनी खायचा, माझ्याच दातांनी बोलायचा, आणि माझ्याच दातांतून मला म्हणायचा, ठीक आहे!"

तिला ती कवळी भिंतीवर फेकून मारावीशी वाटली. त्याच वेळी तिला आठवलं, की 'स'ची शिटी घालवायला तिने समोरचे दोन दात तीनदा उपटून बसवले होते, आणि त्या आठवड्यात बाबा कारखान्यात उगीचच जोरजोराने वर्तमानपत्र वाचत होते. तिला रडू आलं आणि रडण्याचाही राग आला. तिला त्या माणसाचा इतका तिटकारा कधी वाटला नव्हता, आणि तो या क्षणी समोर बसलेला हवा होता असंही कधी इतकं वाटलं नव्हतं.

"आणि मीठ?" वहिनीने हळूच विचारलं.

"वरची बसली आणि चव गेली," आई म्हणाली. "टाळू झाकली गेली ना. खारट काय, अळणी काय, त्यांना सगळं सारखंच. पहिल्या वर्षी इतकं घातलं की तुम्ही सगळ्यांनी माठ रिकामा केला होता."

"त्या वर्षी मीठच खराब आलंय म्हणाले होते," धाकटी म्हणाली.

"हो. आणि तुम्ही मानलंत. त्यानंतर मी सकाळीच पाण्यात मीठ घालून ठेवायला लागले. ते वरून चिमूट टाकायचे. एवढ्या पातेल्यात चिमूट! आणि तुम्ही माना डोलवायचात, वा बाबा, वा बाबा. मला कधीकधी वाटायचं, पातेलं घेऊन तुमच्या डोक्यावर ओतावं." ती खुर्चीवर बसली. "आज मी नाही घातलं. म्हटलं, बघू या, कुणाला कळतंय. दोघींना कळलं. त्यातली एक सून आहे, आणि तिला कारखाना नकोय."

"नको गं बाई," वहिनी म्हणाली.

दादाने हात पुसले, पण यावेळी मुद्दा काही आला नाही.

मधली उठली. तिने कवळी रुमालात नीट गुंडाळली आणि झब्ब्याच्या खिशात ठेवली. मग पातेलं परत गॅसवर चढवलं, बरणीचं लाकडी झाकण काढलं आणि मूठभर मीठ घेतलं. खुर्ची मागे सारणं नाही, हात उंच करणं नाही. निम्मं टाकलं, तळापासून ढवळलं, थांबली, चाखलं. परत थोडं. परत थांबली. कवळी तोंडात बसवून बघताना ती अशीच थांबायची, कारण माणसाला पहिल्या क्षणी सगळंच बरोबर वाटतं आणि बोचायला वेळ लागतो. चौथ्यांदा चाखलं तेव्हा भोपळ्याच्या मागून कांदा आला, मग मिरी, मग लसूण, आणि गाजर जाग्यावर बसलं. तिने गॅस बंद केला आणि कुणाला न विचारता सगळ्यांच्या वाट्यांतलं जुनं सूप पातेल्यात ओतून नवं वाढलं.

आईने दोन चमचे घेतले आणि चष्मा शोधायला लागली. कागद खणात होता, पेन धाकटीने दिलं. तिने आईचं म्हणणंही समजून घेतलं होतं.

दादा मुकाट्याने खात होता. वाटी संपली. त्याने ती पुढे केली. मधलीने डाव हातात घेतला, पण वाढलं नाही.

"कसं झालंय?"

"ठीक आहे," दादा म्हणाला.

"ठीक नाही," मधली म्हणाली. तिने डाव पातेल्यावर आडवा धरून ठेवला. "चांगलं झालंय म्हण. तुझे तर सगळे तुझेच आहेत ना?"

दादाने आईकडे पाहिलं. आई सही करत होती. त्याने बायकोकडे पाहिलं, ती वाट बघत होती.

"चांगलं झालंय," दादा म्हणाला.

मधलीने वाटी भरली.